संध्याकाळची हजेरी

मारेन आमच्या शाळेत आली तेव्हा तिला मराठीची जेमतेम दहा-बारा वाक्यं येत होती. त्यांतलं ती सर्वांत जास्त वापरायची ते वाक्य होतं, ‘मला भीती वाटते.’ बैलगाडीत चढताना म्हणायची, कुत्रं अंगावर आलं की म्हणायची, घाटातल्या वळणावर एसटी कलली की म्हणायची. त्यात तक्रार नसे. आपण ‘आज गुरुवार’ म्हणतो तसं ते म्हणणं असे. म्हणून झालं की ती गाडीत चढायची.

भिणारी माणसं आमच्या वाडीत पुष्कळ होती, पण भीती अशी ओट्यावर मांडून ठेवणारं कुणी नव्हतं. पुरुष भ्यायले की शिव्या देत, बायका भ्यायल्या की पोरांना धपाटे घालत, आणि मी भ्यायलो की पुस्तक उघडून बसे. त्या वर्षात मी बरीच पुस्तकं वाचली.

वाडी वडवणीहून डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर. शाळा दोन शिक्षकांची. त्यांतले मुख्याध्यापक कायम बदलीच्या खटपटीत असत, त्यामुळे हजर म्हणावा असा मी एकटाच. मारेन डेन्मार्कची. पन्नाशीला टेकलेली, उंच, हाडकुळी. तिकडे समुद्रकाठच्या एका शाळेत शिकवत होती. एका संस्थेमार्फत वर्षभर बिनपगारी शिकवायला ती आमच्याकडे आली. ‘पगार न्हाई?’ सोनबा नावाच्या म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं. ‘मंग तिकडं काय केलंय हिनं?’

पहिल्या दिवशी वर्गासमोर उभं राहून तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि नाव सांगितलं, ‘मारेन.’ पुढच्या दोन रांगा उठून मागे सरकल्या. असलं नाव माणसाला शोभत नाही असा निकाल म्हाताऱ्या बायांनी संध्याकाळच्या आत दिला आणि तिची मैनाबाई केली. ती त्या नावाला निमूट ओ देऊ लागली.

तिच्या स्वागताचा सोहळा उपसा सिंचन सहकारी संस्थेच्या पंपघरासमोर झाला. संस्थेचे चेअरमन अण्णा. ज्या तलावातून पाणी उपसून डोंगरावर चढवायचं तो तलाव दोन वर्षं कोरडा होता, पण पंपघराला दर दिवाळीला रंग लागत असे. डेन्मार्क हे सहकाराचं माहेर, असं अण्णांनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं. त्यामुळे ही बाई आपली संस्था तपासायला आली आहे, ही त्यांची समजूत शेवटपर्यंत पुरती गेली नाही. पाऊण तास ते सहकारावर बोलले. मग माइक मारेनच्या हातात दिला. तिने समोरच्या माणसांकडे पाहिलं, माइककडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘मला भीती वाटते.’

‘याला म्हणतात विनय,’ अण्णा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. एरवीसुद्धा आमच्या भागातली निम्मी माणसं दसरा सरला की ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. त्या वर्षी हातीपायी धड असलेलं सगळं गावच निघालं. पोरंही बरोबर जात. थोरली पोरगी उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, बांधते, धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. शाळा तेवढे महिने उघडी असे ती आमच्यासाठी. हे मी मारेनला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, ‘मग मी कुणाला शिकवू?’ मी म्हणालो, ‘मीही हाच प्रश्न दर वर्षी स्वतःला विचारतो. मार्चपर्यंत उत्तर सापडतं, तोवर परीक्षा आलेली असते.’

तिला हे विनोदी वाटलं नाही. मजुरांना न्यायला ट्रक लागायच्या आदल्या दिवशी ती घरोघर गेली. दुभाष्या म्हणून मला जावं लागलं.

सोनबाची सून शेवंता भांडी पोत्यात भरत होती. तिची कांता चौथीत होती, वर्गात सर्वांत मोठ्याने पाढे म्हणणारी.

‘बाई, पोरगी बरुबर आली तर चार कामं व्हत्यात,’ शेवंता हात न थांबवता म्हणाली. ‘हितं ठिवून काय करू?’

‘शाळा,’ मारेन म्हणाली.

‘आन पानी? म्हाताऱ्यायला तरी पुरंल का? इंचू-काटा हाय, ताप-थंडी हाय. कोन बघनार?’

‘मी.’ मग जरा थांबून, ‘मला भीती वाटते.’

शेवंताने पोतं खाली ठेवलं आणि ती हसली. ‘तुमालाच भ्या वाटतंय, मंग मला धीर द्यायला कावून आलाव?’

मी त्याचं भाषांतर केलं. मारेनने मान हलवली. मुद्दा तिला पटला होता. ती तशीच उभी राहिली. शेवंताने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिच्या आयुष्यात तोवर जी माणसं ‘काय भ्यायचं न्हाई’ म्हणत आली होती, त्यांत ऊसतोडीचा मुकादम होता, अण्णा होते आणि तिचा नवराही होता. कदाचित म्हणूनच असेल, ती म्हणाली, ‘ठिवते. पर एक हाय. जशी दिली तशी माघारी घीन. आन तुमच्या हातून घीन, म्हाताऱ्यायच्या न्हाई.’

शेवंताने ठेवली म्हणून आणखी बायांनी ठेवली. सकाळी ट्रक गेले आणि वीसेक पोरं वाडीत उरली.

ट्रक गेल्यावरची वाडी ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगता येणार नाही. कुलपं फार थोड्या घरांना. बाकीच्या दारांवर बाभळीच्या फांद्या आडव्या लावलेल्या, कुत्रं आत शिरू नये म्हणून. उघडी घरं ती म्हाताऱ्यांची, आणि ती माणसं भिंतीला टेकून उन्हाबरोबर सरकत जाणारी. आवाज असा नाहीच. मारेनच्या खोलीच्या दोन्ही बाजूंना काटेरी दारं होती. पहिल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. ‘या सगळ्यांच्या आया माझ्यावर पोरं सोपवून गेल्या,’ ती इंग्रजीत म्हणाली. ‘मी बघीन, असं मी का म्हणाले?’

दुसऱ्या दिवसापासून तिने संध्याकाळची हजेरी सुरू केली.

दिवस कलला की ती घरोघर जाई आणि प्रत्येक दारात पोराचं नाव घेई. वही नसे, नावं पाठ होती. नियम एकच: पोराने स्वतः ‘हाजर’ म्हणायचं. आजी-आजोबांचं म्हणणं चालत नसे. पोर आत जेवत असलं तर घास गिळून होईपर्यंत ती थांबायची.

‘बाई, सकाळी साळंत बघितलं न्हवं ह्याला?’ एक म्हातारी म्हणाली. ‘दिवसभरात काय विमानात बसून गेलं का ते?’

‘मला भीती वाटते.’

‘आता आमालाबी वाटाय लागली तुमच्या पायी.’

मी एकदा तिला विचारलं की या हजेरीने होणार काय. ती म्हणाली, ‘होणार काही नाही. पण कळेल.’ सरकारी नोकरीत हजेरीचा असा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता.

हळूहळू म्हाताऱ्या तिला बसायला पोतं टाकू लागल्या. कुणी गूळ-शेंगा हातावर ठेवी, कुणी तिच्या केसांना तेल लावू पाही. बसता बसता ती मराठी शिकली. ती अर्थातच त्यांची मराठी होती. चार महिन्यांत ती ‘न्हाई’ आणि ‘लई’ म्हणू लागली आणि माझं पुस्तकी बोलणं तिला कळेनासं झालं.

संक्रांतीनंतर पाण्याने तळ गाठला. गावाला एकच विहीर, तीही खडकात खोदलेली. टँकर लहर आली की येई. तळाच्या कपारीत दिवसभरात जे पाझरे ते वाटीने भरून घ्यावं लागे. मोठं माणूस उतरलं की गाळ ढवळला जातो, म्हणून दोरीला झोळी बांधून त्यात पोर सोडायची आमच्याकडे जुनी रीत. पोराने खाली घागर भरायची, आधी घागर वर, मग पोर वर. पोरांना त्यात गंमत वाटे.

मारेनने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मटकन खाली बसली. झोळीतला पोरगा वर आला, तिच्याकडे बघून हसला आणि उड्या मारत गेला. ती त्याच दिवशी सगळ्या घरांत फिरली आणि पोरं विहिरीत सोडणार नाही असं वचन तिने मागितलं. मागितलेलं वचन नाकारणं आमच्याकडे उद्धटपणाचं समजतात. सगळ्यांनी दिलं.

एका संध्याकाळी मी रॉकेल आणायला निघालो होतो. वाट एकच, म्हणून हजेरीला तिच्याबरोबर होतो. सोनबाच्या दारात त्याची बायको भागूबाई उभी होती.

‘कांता,’ मारेनने हाक मारली.

‘हाजर हाय,’ भागूबाई म्हणाली. ‘निजलीया.’

‘कांतानं बोलायचं.’

‘डोस्कं दुखतंय तिचं. झोपंतून कावून उठिवता लेकराला?’

मारेन उंबऱ्यावर बसली. मी म्हणणार होतो की जाऊ दे, एका दिवसाने काय होतं. तेवढ्यात मला भागूबाईचे हात दिसले. ते पदराखाली होते आणि पदर हलत होता.

‘आजी,’ मारेन म्हणाली, ‘कांता कुटं हाय?’

भागूबाईने दोनदा तोंड उघडलं. मग म्हणाली, ‘हिरीत.’

टँकर आठवडाभर आला नव्हता. दोघा म्हाताऱ्यांनी दुपारी पोरीला खाली सोडलं होतं. सोडताना काही वाटत नाही, वजन आपोआप जातं. घागर वर आली. पोरीला ओढायची वेळ आली तेव्हा दोघांच्या लक्षात आलं की दर वर्षी उन्हाळ्यात हे ओढायचं काम ऊसतोडीवरून परतलेले मुलगा आणि सून करतात. निम्म्यावर आणली, हात सुटले आणि सगळी दोरी पोरीमागे तळाला गेली.

‘दुपारपासून?’ मी ओरडलो. ‘सांगितलं का नाही?’

‘बाई लई भेत्यात,’ म्हातारी रडत म्हणाली. ‘म्हनलं, आजा काढंल कसंबी वर, मंग सांगू. उगं त्यांच्या जिवाला घोर कावून.’

तिच्या भीतीला जपण्यासाठी त्यांनी हे लपवलं होतं. मारेनला ते समजलं की नाही, ठाऊक नाही. ती विहिरीकडे पळत सुटली होती.

मी अण्णांकडे धावलो, कारण जाड दोर म्हणावा असा गावात फक्त पंपघरात होता. अण्णा कुठल्याशा लग्नाला निघालेले, इस्त्रीचे कपडे, अत्तर. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. जीप काढली, दोर टाकला, वाटेत दिसतील ते म्हातारे आत घेतले.

आम्ही पोचलो तेव्हा उजेड जात आला होता. सोनबा काठावर पाय सोडून बसला होता, तळहातांची सालटी निघालेली. मारेन पालथी पडून विहिरीत डोकं घालून होती आणि हजेरी घेत होती. पोरीला ग्लानी येत होती, ती झोपू नये म्हणून.

‘बापू.’

खालून बारीक आवाज आला, ‘गैरहजर. शेरडं घिऊन गेलाय.’

‘सुमन.’

‘हाजर.’

‘रघुनाथ.’

बराच वेळ काही नाही. मग, ‘रघुनाथ हागायला गेलाय.’

‘कांता.’

‘मी हितंच हाय की, बाई.’

मारेनच्या पाठीचा थरकाप मला लांबून दिसत होता. आवाज मात्र वर्गातला होता. दगड सुटून खाली गेला की ती थांबायची, आणि खालून काहीतरी ऐकू आलं की पुढचं नाव घ्यायची.

उतरणार कोण? अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी अण्णांकडे. त्यांच्या देहाकडे बघता माझा प्रश्न केवळ औपचारिक होता. मारेनने दोर हातात घेतला, कमरेला लावला आणि तिचे पाय जागचे हलेनात. ‘मला जमत न्हाई,’ ती म्हणाली. त्या माणसांत एवढं खरं बोललेली ती एकटीच.

‘सरका,’ भागूबाई म्हणाली. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, दोर मारेनच्या कमरेचा सोडून स्वतःच्या काखेखाली बांधला. ‘सासू जित्ती व्हती तवर मीच उतरायची. धरा नीट. ह्या म्हाताऱ्याला हात लावू दिऊ नका.’

दोराला सर्वांत पुढे मारेन, तिच्यामागे अण्णा, मग मी, मग म्हातारे. आधी पोरगी वर आली. तिचा उजवा हात कोपरातून भलत्या दिशेला होता. मग भागूबाई आली. आल्या आल्या तिने नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याच्या हातांवर फुंकर घालत बसली.

अण्णांची जीप थेट अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी हात वाचवला. तो पूर्ण सरळ होणार नाही आणि खांद्याच्या वर जाणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

अण्णांना मारेनचा सत्कार करायचा होता. शाल, श्रीफळ, पंपघर. तिने अट घातली की पोरं विहिरीत जाणार नाहीत, मोठी माणसं उतरतील आणि दोर ओढायला अण्णांनी रोज सकाळी स्वतः यायचं. अण्णा आले. कुरकुरत, डोक्याला टॉवेल बांधून, पण उन्हाळाभर आले. उपसा संस्थेने त्या वर्षी केलेला तेवढाच उपसा. सत्काराचं मग दोघांनीही नाव काढलं नाही.

तिच्या संस्थेचा एक माणूस येऊन तिला सांगून गेला की दुष्काळ वाढतोय, ती हवं तर लवकर परत जाऊ शकते. ती म्हणाली, ‘ट्रक येईपर्यंत न्हाई.’ त्यानंतरचे आठवडे तिने शेवंताच्या भीतीत काढले. रोज संध्याकाळी हजेरी झाली की शेवंताला काय सांगायचं त्याची ती तयारी करे. मी तिला एक चांगलं वाक्य रचून दिलं, ‘एका दुर्दैवी अपघातात कांताला इजा झाली.’ तिने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि विचारलं, ‘यात मी कुठे आहे?’ ते वाक्य मी परत घेतलं.

ट्रक आले तेव्हा ऊन टळटळीत होतं. बाया अजून खाली उतरतात न उतरतात तोच पोरं त्यांना जाऊन चिकटली. मारेन कांताचा डावा हात धरून उभी होती. सोनबा आणि भागूबाई घरातून बाहेर आलेच नाहीत.

शेवंता समोर आली. मारेन म्हणाली, ‘कांता हिरीत पडली. हात मोडला. मी सांबाळलं न्हाई.’

शेवंता पोरीकडे वळली. तिने पोरीचा हात घेतला, खांद्यापासून बोटांपर्यंत चाचपला, कोपरातून हळूच ताणून पाहिला. तो ताणला गेला नाही.

‘दुखतंय?’

‘न्हाई.’

‘मूठ कर.’ मूठ झाली. ‘वर घे.’

हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. शेवंताने स्वतःचा हात डोक्यावर नेऊन, ऊस तोडताना कोयता आणतात तसा खाली आणला. पोरीने नक्कल करायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

‘ह्या हातानं ऊस तुटत न्हाई,’ शेवंता म्हणाली.

शेवंता ट्रकच्या चाकापाशी आपल्या गाठोड्यावर बसली. तिचे तळहात मला दिसत होते, चिरा पडलेले, काळे. तळहातांकडे बघत ती म्हणाली, ‘माज्या मायनं माजा हात ल्हानपनीच मोडला असता, तर बरं झालं असतं.’

मारेनने माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला. ती शेवंताशेजारी जमिनीवर बसली. कांता सामान उतरवू लागली, डाव्या हाताने.

आठ-दहा दिवसांनी मारेन गेली. फाट्यावर एसटी उभी राहिली तेव्हा सगळी वाडी आली होती, सोनबासुद्धा. कंडक्टरला शेवंताने दम दिला, ‘खिडकीपाशी जागा द्या तिला. वडवणीला दुसऱ्या गाडीत बसवून द्या. एकटी सोडली तर बगा.’ कंडक्टर म्हणाला, ‘मावशी, बाई परदेशातून एकटी आली असंल की.’ ‘आली व्हती,’ शेवंता म्हणाली. ‘तवा आमची न्हवती.’

मारेन खिडकीत बसली. शेवंता माझ्याकडे वळली.

‘गुरुजी, दसऱ्याला गाड्या लागत्यात. कांता तुमच्यापाशी ठिवू का?’

तिच्यामागच्या बाया बोलायच्या थांबल्या. मला काटेरी दारं दिसली, विहिरीच्या काठावरून सुटणारा दगड दिसला. आमच्या खात्यात अशा वेळी म्हणायचे दोन-तीन चांगले शब्द आहेत, ते सगळे माझ्या जिभेवर होते. गाडी सुरू झाली. मारेन गजांना दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे बघत होती. निरोप घेताना बघतात तसं ते बघणं नव्हतं. हजेरीला दारात थांबायची तशी ती थांबली होती. गाडी हलली, चार पावलं पुढे गेली, तरी तिची मान माझ्याकडेच वळलेली.

मी मान डोलावली. तेव्हा ती समोर तोंड करून बसली.